पाच पांढरे चिंचोके

नदीच्या वळणापाशी दाट उंबरांचे एक जंगल होते आणि त्या जंगलात एक ससा राहत असे. तो फार भित्रा होता. पान पडले तरी तो बिळात शिरे, आणि पान पडून गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नसे. पण मुलांनो, दुपारी उंबराखाली खेळ मांडला की हाच ससा वीरभान नावाचा योद्धा होई.

तो खेळ म्हणजे गोष्टीचा खेळ. म्हातारे कासव गोष्ट सांगे आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होत. साळिंदर वैद्य होई, खार नावाडी होई. प्रत्येकाच्या माणसाचा एकेक खडा रिंगणात ठेवलेला असे. एखादे अवघड काम करायचे झाले की चिंचोक्याच्या पाच फाका टाकायच्या. फाकेची आतली बाजू पांढरी, बाहेरची काळी. पाचही पांढऱ्या पडल्या तर काम असे होई की सगळे थक्क व्हावेत. पाचही काळ्या पडल्या तर घात ठरलेला. ज्याचा माणूस गोष्टीत मेला, त्याने आपला खडा नदीत टाकायचा. मग ती गोष्ट संपेपर्यंत त्याला दुसरा माणूस मिळत नसे. आणि या वेळी कासवाने आधीच सांगून ठेवले होते, "माझा आवाज आता पुरत नाही. ही शेवटची गोष्ट. हिच्यानंतर मी सांगणार नाही."

सशाने ते ऐकले होते. वीरभान गेला तर आपल्याजवळ नुसता ससा उरेल, हे त्याला ठाऊक होते.

गोष्टीतल्या एका गावाचा झरा राक्षसाने आपल्या गुहेत कोंडला होता. तो सोडवायला तिघे निघाले. वाटेत एक धर्मशाळा लागली. ससा म्हणाला, "वीरभान दार ढकलतो."

"अरे, दार उघडंच आहे," कासव म्हणाले.

"असू दे. टाकतो तरी." त्याने चिंचोके टाकले. पाचही पांढरे.

 कासव म्हणाले, "दार इतकं सुरेख उघडलं, की बिजागरीसुद्धा कुरकुरली नाही."

खार हसून लोळली. सशाचे कान ताठ झाले. धर्मशाळेत गरम पेज आली, तेव्हा पेज फुंकायलाही त्याने चिंचोके टाकले. पुन्हा पाचही पांढरे. "पेज अशी निवली की आचारी बाहेर येऊन बघत राहिला," कासवाने सांगितले. पुढे रानवाटेवर वीरभानाच्या पायात काटा रुतला.

"काटा काढणं माझं काम," साळिंदर म्हणाले. "मी वैद्य आहे. आणि काट्यातलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"नको, वैद्यबुवा. माझा मी काढतो." चिंचोके पडले. पाचही पांढरे.

"ससेबुवा, आज तुम्ही नाक पुसलंत तरी राज्य मिळेल," साळिंदर पुटपुटले. खार मात्र खरोखर भारावली होती. "चिंचोके तुला ओळखायला लागलेत रे," ती म्हणाली.  ते वाक्य सशाने मनात जपून ठेवले.

शेवटी गुहा समोर आली. मध्ये खोल दरी होती आणि वरचा पूल तुटलेला होता. कासव सावकाश म्हणाले, "आता नीट ऐका. नावाड्याजवळ दोर आहे. दोर बांधून उतरलात तर चिंचोके टाकायला नकोत, सगळे सुखरूप पोचाल. पण वेळ लागेल, राक्षस जागा होईल आणि निम्माच झरा सुटेल. उडी मारलीत तर राक्षस झोपेतच सापडेल, सगळा झरा सुटेल. पण उडीला चिंचोके टाकावे लागतील."

"दोर घे," खार लगेच म्हणाली. "निम्मं पाणी तर निम्मं. गाव जगेल."

"ऐक तिचं," साळिंदर म्हणाले.

सशाने दोघांकडे पाहिले. आयुष्यभर तो बिळातून निम्मेच बाहेर आला होता. "वीरभान दोर धरून उतरत नाही," तो म्हणाला. "आणि तूच म्हणालीस ना ताई, की चिंचोके मला ओळखतात?"



सशाने चिंचोके टाकले. पाचही काळे पडले.

 मग साळिंदर, ज्याने आजवर कुणासाठी रदबदली केली नव्हती, ते म्हणाले, "आजोबा, एकदा परत टाकू द्या त्याला. पोरखेळच आहे हा."

"देतो," कासव म्हणाले. "मग दारही परत उघडायचं, पेजही परत फुंकायची. ते पांढरे मोजले, तसे हे काळेही मोजायला हवेत." त्याचा आवाज खरखरला. "वीरभान दरीत पडला. नावाड्याने दोर बांधला, वैद्य मागोमाग उतरला. निम्मा झरा सुटला. गावाने दोघांना ओवाळलं. गोष्ट संपली."

रिंगणातला आपला खडा सशाने उचलला. नदी जवळच होती. खडा बुडाल्याचा आवाज अगदी लहान झाला. परत येऊन तो चिंचोके गोळा करू लागला, कारण ज्याने शेवटी टाकले त्यानेच ते कासवाच्या हाती द्यायचे अशी तिथली रीत होती.  चिंचोके निसटून मातीत पडले.

पाचही पांढरे.

खारीने मान फिरवली. साळिंदर आपल्या वाटेने निघून गेले. कासवाने त्या चिंचोक्यांकडे पाहिले.

"काही मागितलं होतंस का आत्ता?" त्याने विचारले.

"नाही," ससा म्हणाला.

कासवाने एकेक चिंचोका उचलला, झाडाच्या ढोलीत टाकला आणि ढोलीच्या तोंडाशी दगड लावला. वरून उंबराचे एक पान सुटले. ते जमिनीवर पोचायच्या आत ससा बिळात गेला होता.

तात्पर्य : कोणता प्रसंग लहान आणि कोणता मोठा, हे दैवाला कळत नाही. उघड्या दाराशी ते भेटले म्हणून दरीशीही भेटेल असे समजू नये. आणि जे गमावून आपले चालणार नाही, ते दैवाच्या हाती देऊ नये.