हाकेचे उत्तर

लहानथोर हो, ही तेव्हाची गोष्ट आहे, जेव्हा नद्या होत्या, पण त्यांना अजून नावे पडली नव्हती. तेव्हा एका डोंगराच्या कुशीत मोठा तलाव होता. तलावातून एक ओढा निघे आणि दोन वस्त्यांना पाणी पाजून पुढे जाई.

वरच्या वस्तीचे लोक तिथे फार जुने. खालच्या वस्तीचे लोक दूरच्या मुलखातून आलेले, पण त्यालाही चार पिढ्या झाल्या होत्या. ते देवाला निराळ्या नावाने हाक मारीत. ओढ्याच्या पात्रात, एका उंच खडकावर, त्यांचे दगडी प्रार्थनाघर होते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, सगळी वस्ती त्याच्याभोवती कोरड्या पात्रात बसून सकाळची प्रार्थना करी.

तलावाच्या बांधाला पाणी सोडायची मोरी होती. मोरीवर सागवानी झडप. ती उचलायला लोखंडी दांडा लागे आणि तो दांडा एकाच माणसाकडे असे. त्याला पाटकरी म्हणत. या गोष्टीतला पाटकरी तरुण होता, वरच्या वस्तीतला. त्याचे वडील गेल्यावर काम त्याच्याकडे आले होते.

कामाची एक रीत होती. झडप उचलण्याआधी पाटकऱ्याने बांधावर उभे राहून हाक मारायची, "पाणी येतंय होऽऽ!" पात्रात कोणी धुणे धूत असेल, कोणाची गुरे असतील. खालून उत्तर यायचे, "ऐकलं होऽऽ, सोड!" कधी यायचे, "थांब!" मग थांबायचे. वडिलांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "आधी गळा, मग हात. उत्तर आल्याशिवाय दांड्याला जोर लावायचा नाही."

हे काम तसे एकट्याचे. दिवसभर पाणी, बांध आणि टिटव्या. पाटकऱ्याला कोणी विचारीत नसे की बाबा, तू जेवलास का. फक्त खालच्या वस्तीतली एक म्हातारी, प्रार्थनाघरात दिवे लावणारी, सणाला त्याच्यासाठी भात झाकून ठेवी. तो जाई, मान खाली घालून जेवी आणि परत येई.

एके वर्षी पाऊस कमी झाला. तलाव अर्ध्यावर आला. त्याच वर्षी वरच्या वस्तीत एक पाहुणा राहायला आला. बोलणे गोड, हसणे मोकळे. तो रोज बांधावर येऊन बसू लागला. येताना फुटाणे आणायचा.

"तुला लोक नुसता पाटकरी समजतात," पाहुणा म्हणाला. "मला तर तू या डोंगराचा राखणदार दिसतोस."

असे त्याला आजवर कोणी म्हटले नव्हते. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मग पाहुणा रोज थोडे थोडे सांगू लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, पाणी कमी झाले. ते खरेच होते. दुसऱ्या दिवशी म्हणाला, खालचे लोक वाढलेत. तेही थोडे खरे होते. नंतर म्हणाला, ते पाणी चोरतात. मग म्हणाला, एक दिवस ते तलाव घेतील आणि तुम्हाला हाकलतील. आमटीत मीठ चिमटीचिमटीने पडावे आणि खारट कधी झाली ते कळू नये, तसे झाले.

जुन्या चुन्याच्या भट्टीत पाहुणा आणखी चार तरुणांना जमवी. पाटकरी तिथे जाऊ लागला. त्याला तिथे 'वीरा' म्हणत. त्याने खाली जाणे सोडले. वाटेत म्हातारी भेटली तरी तो तोंड फिरवी.

सण जवळ आला. पाहुणा म्हणाला, "सगळे पात्रात बसलेले असतील. झडप पुरी उचल. अर्धा तलाव पुरे आहे. लोक म्हणतील, बांध फुटला. आणि ऐक, त्या दिवशी हाक मारायची नाही."

"नाही मारणार," पाटकरी म्हणाला.

सणाची सकाळ झाली. चौघांना घेऊन पाहुणा भट्टीपाशी थांबला. पाटकरी एकटा बांधावर गेला. त्याने दांडा खोबणीत घातला, दोन्ही हात आवळले, पाय रोवले.

आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "पाणी येतंय होऽऽ!"

तो स्वतःच दचकला. हाक दरीतून खाली गेली होती. ती आता परत घेता येत नव्हती.

खाली प्रार्थना थांबली. मग त्या म्हातारीचा चिरका आवाज वर आला.

"थांब रे बाबाऽऽ! विसरलास होय, आज आमचा बसायचा दिवस! म्हातारीकोतारी पात्रात आहेत, उठवायला वेळ लागेल!" आणि जरा थांबून, "तुझा भात झाकून ठेवलाय, खाली ये!"

पाटकऱ्याचे हात दांड्यावरच राहिले. त्याला ते लोक दिसत नव्हते, मध्ये झाडी होती. पण कोण कुठे बसले असेल ते त्याला ठाऊक होते.

पाहुणा आणि ते चौघे धावत आले.

"हाक कशाला मारलीस, गाढवा? उचल आता!"

"थांब म्हणालेत," पाटकरी म्हणाला.

"अरे, ते शत्रू आहेत आपले!"

"असतील. पण थांब म्हणालेत."

पाहुण्याने दांड्याला हात घातला. तेव्हा पाटकऱ्याने दांडा हिसकून खोबणीतून काढला आणि तलावाच्या खोल पाण्यात भिरकावला. त्यांनी त्याला बांधावर लोळवून मारले. पण दांड्याशिवाय झडप तसूभरही हलेना.

सणाच्या सकाळी बांधावरून कधी हाक आली नव्हती, आणि आता तिथून मारहाणीचा गलका ऐकू येत होता. म्हणून दोन्हीकडून माणसे वर आली. पाहुणा आणि ते चौघे पळता पळता धरले गेले. पाटकरी रक्ताळलेल्या तोंडाने बसला होता. त्याने काही लपवले नाही.

"मी बुडवायलाच आलो होतो," तो म्हणाला. "ते पाणी चोरतात, असं मला सांगितलं होतं."

म्हातारी त्याच्यासमोर बसली. "झडपेचा दांडा कोणाकडे असतो रे?"

"माझ्याकडे."

"दुसरा आहे का कोणाकडे?"

"नाही."

"मग पाणी चोरलं कोणी?"

त्या तलावाचे पाणी कोण घेते हे साऱ्या मुलखात फक्त पाटकऱ्यालाच पक्के माहीत होते, आणि नेमके त्यालाच ते खोटे खरे वाटले होते. तो रडू लागला.

पाहुण्याला आणि चौघांना राजाच्या शिपायांनी नेले. पाटकऱ्याचा न्याय दोन्ही वस्त्यांच्या पंचांनी केला. काही जण म्हणाले, याला सोडा, यानेच वाचवले. काही म्हणाले, सोडू नका, हाच मारायला आला होता. दोन्ही खरे होते. शेवटी ठरले ते असे. नवा दांडा दोन तुकड्यांत घडवायचा, एक वर राहील आणि एक खाली. दोघे आल्याशिवाय झडप उचलायची नाही. आणि पाटकऱ्याने पुढची तीन वर्षे बांधावर चढायचे नाही. त्याने खाली, पात्रात उभे राहायचे. वरून हाक आली की मागेपुढे पाहायचे, म्हातारी माणसे, पोरे, गुरे बाजूला काढायची आणि मगच उत्तर द्यायचे.

पहिल्या दिवशी हाक आली, तेव्हा तो पात्रातल्या एका पोराला कडेवर घेऊन काठाकडे धावला. वरून येणारी ती हाक खाली कशी ऐकू येते, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले.

लहानथोर हो, ज्यांच्याविषयी कोणी आपल्या कानात विष ओतते, त्यांना आधी आपण स्वतः हाक मारून पाहावी.