काकू, हात धरा

त्या दिवशी वारा सुटला होता. भणाण भणाण. आभाळात ढग नाही, अंगणात लख्ख ऊन, पण वारा असा, की पाय ठरेना. छोटी हौसा वाऱ्यामागं धावली. आणि पडली. धप्प.

बाहेर एवढंच झालं. आत काय झालं, ते ऐका.

हौसाच्या पायात होती रक्ताची नळी. नळीत लाल लाल पाणी. झुळूझुळू वाहायचं. त्यात पोहायचा गुंजू. गुंजेसारखा लाल, गुंजेहून लहान. पाठीवर हवेची पुडी. पुडी द्यायची कुणाला? पायाच्या अंगठ्याला.

नळीची भिंत विटांची नव्हती बरं. चपट्या चपट्या काकूंची होती. हातात हात घालून उभ्या. धप्प झालं, नि दोन काकूंचे हात सुटले. मधे पडली फट. पाणी चाललं बाहेर. झिरझिर झिरझिर. नळी आटली. गुंजूला पोहता येईना.

"काकू काकू, हात धरा. माझं पाणी चाललं."

थोरली काकू म्हणाली, "हात लुळे पडले रे. कॅल्शियमचा खडा आला, तर हात ताठ होतील. हाडोबाकडं माग."

गुंजू निघाला. गडगड गडगड.

"हाडोबा हाडोबा, खडा द्या. काकू हात धरेनात, माझं पाणी चाललं."

हाडोबा म्हणाला, "घरातलं किती वाटू? पोटानं आंबील पाठवली, तर मी खडा देईन."

गुंजू निघाला. गडगड गडगड.

"पोटा पोटा, आंबील पाठव. हाडोबा खडा देईना, काकू हात धरेनात, माझं पाणी चाललं."

पोट म्हणालं, "मीच रिकामं. तोंडानं घोट घेतला, तर मी आंबील पाठवीन."

गुंजू निघाला. गडगड गडगड.

तोंडासमोर आई बसली होती. हातात नाचणीच्या आंबिलीची वाटी. "हौसाबाई, एक घोट घे गं." तोंड कुठलं घेतंय.

"तोंडा तोंडा, घोट घे. पोट आंबील पाठवेना, हाडोबा खडा देईना, काकू हात धरेनात, माझं पाणी चाललं."

तोंड म्हणालं, "दिसत नाही? मी रडतंय. अंगठा गार पडलाय. अंगठा वळवळला, तर मी घोट घेईन."

अंगठा किती लांब! गुंजू दमला. गड... गड... गड...

"अंगठ्या अंगठ्या, वळवळ की. तोंड घोट घेईना, पोट आंबील पाठवेना, हाडोबा खडा देईना, काकू हात धरेनात, माझं पाणी चाललं."

अंगठा म्हणाला, "कसा वळवळू? हवेची पुडी कुठाय? गुंजू म्हणून एक आहे. आळशी मेला. आलाच नाही. त्याची पुडी आली, तर मी वळवळेन."

"गुंजू तर मीच."

"मग पाठीवर काय ते?"

गुंजूनं मागं पाहिलं. पुडी! सारा वेळ पाठीवरच होती की.

गुंजूनं पुडी दिली. अंगठा वळवळला. वळवळ वळवळ.
तोंड हसलं. घोट घेतला. घटाघट घटाघट.
पोटानं आंबील पाठवली. गुडगुड गुडगुड.
हाडोबानं खडा दिला. टक्क.
काकूंचे हात ताठ झाले. थोरलीनं धाकटीचा हात धरला. घट्ट घट्ट घट्ट.

फट मिटली. झिरझिर थांबली. नळी भरली. झुळूझुळू झुळूझुळू.

गुंजू तरंगला. नवी पुडी आणायला निघाला. जाता जाता वळून म्हणाला, "काकू, पुन्हा हात सुटले तर?"

थोरली काकू म्हणाली, "सुटले तर पुन्हा धरू, बाळा. तू जा. अंगठा वाट बघतोय."