सासूबाईंचा चिखल

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक तालीम होती. तिथं लाठी शिकणाऱ्या प्रत्येकाची भिंतीवर स्वतःची खुंटी असे. कुणी परगावी गेलं, तर त्यानं दसऱ्याला येऊन वस्तादांचा वार अडवायचा. अडला तर खुंटी राहिली, नाही तर ती दुसऱ्याला गेली.

त्या तालमीतली एक मुलगी लग्न होऊन लांब, खाडीकाठच्या मिठागरांच्या गावी गेली. खुंटी जाऊ द्यायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. रोज सकाळी ती बांधावर लाठी फिरवी. अशी गरागरा, की काठी दिसायचीच नाही! मिठागरावर कामाला निघालेली माणसं थांबून टाळ्या वाजवत. पोरगी फुलून जाई. फुलणारच की!

सासू मात्र टाळ्या वाजवत नसे. कमरेला टोपली लावून नुसती बघत राही. एके दिवशी तिनं विचारलं, "काय गं, तालमीतही अशी एकटीच फिरवायचीस?"

"छे! समोर जोडीदार असायचा. तो मारायचा, मी अडवायची."

"मग इथं तुला मारतं कोण?"

मुलीनं लाठी खाली टेकवली. वारा काही उलटून मारत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बांधावर माणसं टाळ्यांसाठी खोळंबली होती. तिनं त्यांच्याकडे पाठ केली.

"आत्याबाई, तुम्हीच मारा. हा चिखल घ्या."

सासूचे डोळे चमकले. "सुनेला चिखल मारायचा, आणि तोही तिनंच सांगितलं म्हणून? थांब, पदर खोचते!"

पहिला गोळा थेट कपाळावर बसला. दुसरा नाकावर.

"ही म्हणे लाठीवाली!" बांधावर हशा पिकला.

मुलीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. सासू तर भारीच निघाली. बघायची डावीकडे, मारायची उजवीकडे! होता होता मुलगी सासूच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून खांद्याकडे बघू लागली. खांदा खोटं बोलत नाही.

दसऱ्याला ती तालमीत उभी राहिली. वस्तादांनी डोक्यावर हूल दिली आणि वार पायावर घातला. खट्! तिची लाठी आधीच तिथं पोचली होती.

"एवढ्या लांब तुला जोडीदार कोण भेटला गं?"

"सासूबाई."

"दयामाया करत नाहीत वाटतं?"

"मुळीच नाही!"

वस्तादांनी हसत तिची लाठी खुंटीला लावली. मग हातोडा मागवला आणि शेजारी नवी खुंटी ठोकली.

"ही त्यांची."

तात्पर्य: घरापासून कितीही लांब गेलात तरी सराव सोडू नका, आणि तिथं टाळ्या वाजवणारे शोधत बसण्यापेक्षा चिखल मारणारं एक माणूस आधी शोधा.