बुधवारचे डॉक्टर

कराडच्या डॉक्टर बेलसऱ्यांचं निदान सहसा चुकत नसे. तेवढ्यावरून आपलं काहीच चुकत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गोदाक्का पवळे पापड लाटून पोट भरायच्या. ब्लडप्रेशरची गोळी महाग, म्हणून एक दिवसाआड घ्यायच्या. त्यावरून डॉक्टर ओरडले, तेव्हा अक्कांनी पिशवीतून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

"ही तुमची गोळी, आणि ही निम्म्या किमतीची. पाकिटांच्या मागं वाचलं, तर औषध तेच, कंपनी तीच, कारखानाही तोच. नाव तेवढं वेगळं. ही लिहून द्या, रोज घेईन."

डॉक्टरांनी स्वस्तातलं पाकीट पेनाच्या टोकानं बाजूला सारलं. "कमी पैशांत मिळतं म्हणजे हलकंच असणार. डॉक्टर कोण, तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण दर बुधवारी तुम्ही देवस्थानच्या दवाखान्यात वीस रुपयांत तपासता, आणि इथं पाचशे घेता. माझी जाऊ तिकडंच येते. तिला सांगू का, बुधवारचे डॉक्टर हलके असतात म्हणून?"

"काहीतरीच काय!" डॉक्टर उसळले. "तिथंही मीच असतो. फक्त दारावरची पाटी वेगळी!"

बाजूला सारलेलं पाकीट अक्कांनी एका बोटानं पुन्हा डॉक्टरांपुढं सरकवलं.

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. मग हसू दाबत त्यांनी जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. "आता रोज घ्यायची. महिन्यानं दाखवायला या."

"येते की," अक्का पिशवी उचलत म्हणाल्या, "बुधवारी."