सहा नंबरचे बूट

कोल्हापुरात मुलींच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला अर्धा तास उरला होता. संघाचे अध्यक्ष बाबासाहेब सरनोबत यांनी सगळ्यांसाठी एकसारखे महागडे बूट आणले होते. पण मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या निलोफरचे पाय रुंद. नव्या बुटांत तिची बोटं चेंबत होती आणि तळव्याच्या लांब खिळ्यांमुळे, स्टडमुळे, कडक मैदानावर वळताच येत नव्हतं. तिने गुपचूप आपले जुने बूट चढवले.

अध्यक्षांनी ते पाहिलं. "सहा नंबर सांगितलास, सहाच आणला. पाय घेईल जुळवून. नाहीतर बाहेर बस."

निलोफरने प्रशिक्षक मोहिते मॅडमचा चष्मा मागून घेतला आणि अध्यक्षांपुढे धरला.

"साहेब, तुमचा काढून हा लावा आणि हातातली खेळाडूंची यादी वाचून दाखवा."

"त्यात काय?" म्हणत त्यांनी चष्मा चढवला. यादी जवळ धरली, लांब धरली, पण एक अक्षर लागेना. "हा माझ्या डोळ्यांचा नाही," ते वैतागून म्हणाले.

"फ्रेम तर नेमकी बसलीय, साहेब. डोळे घेतील जुळवून."

अध्यक्षांनी चष्मा उतरवला. त्यांची नजर तिच्या जुन्या बुटांकडे गेली.

"नाड्या घट्ट बांध," ते म्हणाले.