सोवळ्यातली स्वयंपाकीण

“तुम्हीच सांगा बुवा, सोवळ्यातल्या बाईच्या हातून कुणाला रोग लागेलच कसा?”

आवडाताई ओसरीवर टेकल्यासुद्धा नाहीत. उभ्यानंच विचारलं. कोकणातून मुंबईला येऊन अकरा वर्षं झाली, गिरगावात लोकांच्या घरी रांधून पोट भरायच्या. पण सोवळं काही सुटलं नाही. रांधताना कुणाची सावली पडलेली खपायची नाही. आजही सोवळ्यातच, रस्त्यानं अंग चोरत मठात आल्या होत्या.

म्हातारे केसोबुवा धुनीपाशी बसले होते. “कोण म्हणतं रोग लागतो?”

“तो मुन्शिपाल्टीचा डॉक्टर! म्हणे, तीन घरी रांधलंत, तिन्ही घरी मुदतीचा ताप निघाला. रोग तुमच्या अंगात आहे, तुम्हाला बाधत नाही, हातातून अन्नात उतरतो. मेल्याची जीभ बघा! मला जन्मात कधी कणकण नाही आली.”

“मग?”

“मग काय? उद्यापासून चौथं घर धरलंय. त्या घरात पाच पोरं आहेत. मी जाणार म्हणजे जाणार.”

“मग मला कशाला विचारतेस?”



आवडाताईंनी पदराखालची वाटी काढली नि बुवांपुढे लांबूनच सरकवली. “खमंग काकडी आहे, माझ्या हातची. तुम्ही खा, म्हणजे त्या डॉक्टरच्या तोंडाला कुलूप.”

“चुलीवर चढवलीस?”

“अहो, काकडी कुणी शिजवतं का? हातानं कालवायची. हातातच तर चव आहे माझ्या.”

“हातातून चव उतरते म्हणतेस?”

“मी कशाला? अख्खं गिरगाव म्हणतं!”

“बरं...”

बुवांनी चिमूटभर काकडी उचलली. घाई नाही, काही नाही. हात तोंडाकडे निघाला.

आवडाताई बघत राहिल्या. तिसऱ्या घरातली नऊ वर्षांची शकू पानावर बसली की आधी काकडीलाच हात घालायची. “ताई, आणखी वाढा ना.” तापाच्या एकविसाव्या दिवशी गेली पोर.

घास बुवांच्या ओठांशी आला...

आवडाताईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. काकडी राखेत सांडली.



“आता सोडशील का?” बुवा म्हणाले. “म्हातारं हाड आहे.”

आवडाताईंनी हात सोडला. वाटी उचलली, उरलेली काकडी निखाऱ्यांवर ओतली.

“त्या घरी आत्ताच सांगून येते, दुसरी बाई बघा म्हणून. लोकांची धुणी धुईन. चुलीपाशी पुन्हा जायची नाही.”

दोन पायऱ्या उतरल्या नि थबकल्या. आपल्याच हाताकडे बघत म्हणाल्या, “पण बुवा... सोवळ्यात परक्याला शिवले. अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. माझं सोवळं मोडलं हो.”

बुवा म्हणाले, “बाई, आज तू ते पहिल्यांदा पाळलंस.”