राजाची एकादशी आणि धाकूची कैरी

"कैरीला हात लावलास की नाही?" तुळाजीराजे गरजले.

"लावला, म्हाराज," धाकू भडभुंजा हात जोडून म्हणाला.

"संपलं! चोरी झाली!"

"पर तोडली न्हाई जी! हात लावला आन् मनात आलं, बायकोच्या पोटातल्या लेकराला चोरीची कैरी कशापायी? तसाच हात मागं घेतला आन् खाली उतरलो."

उतरला तो नेमका पहारेकऱ्याच्या पुढ्यात! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाखरं हाकत होतो. पण पहारेकऱ्यानं विचारायच्या आधीच धाकूनं सगळं खरं सांगून टाकलं. असल्या भोळ्या माणसाला देवानं बायको तरी तिखट दिली होती, म्हणून बरं.

तिचं नाव सगुणा. तिला नववा महिना लागला होता आणि ऐन थंडीत डोहाळे लागले होते कैरीचे! अख्ख्या सोनजे गावात थंडीत कैऱ्या धरणारं झाड एकच, राजांच्या बागेतला बारमाही आंबा.

तुळाजीराजे मनाचे वाईट नव्हते; पण हट्टी असे, की एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरायचा नाही. त्यांनी निकाल दिला, "आमच्या राज्यात चोरी आणि चोरीचा प्रयत्न एकच! हात पुढे झाला, की गुन्हा पुरा झाला. उद्या दिवस मावळताना याची गाढवावरून धिंड काढा आणि बायकोसकट वेशीबाहेर घालवा!"

सगुणा भर दरबारात पुढे आली. "म्हाराज, असल्या दिवसांत मी कुठं जाऊ? भट्टी हितं, सुईण हितं. आन् माझ्या धन्यानं चोरलं तरी काय?"

"प्रयत्न केला!"

"प्रयत्न केला म्हंजी चोरी झाली न्हवं, म्हाराज."

"नव्हे?" राजांनी मिशीला पीळ भरला. "मग हे माझ्याच तोंडून वदवून दाखव! उद्या दिवस मावळायच्या आत मी स्वतः म्हणालो, की नुसता हात पुढे केल्यानं काही होत नाही, तर तुझा नवरा सुटला. पण मी कशाला म्हणतोय!"

दरबार खदखदून हसला. राजांनी आपलाच शब्द खोडल्याचं कुणाच्या आज्यानंही पाहिलं नव्हतं. सगुणानं मात्र बोटांवर तिथी मोजली आणि पदर सावरत म्हणाली, "बरं जी. उद्या येते."

आता एक सांगायला हवं. राजांना दरबारात बसल्या बसल्या फुटाणे खायची सवय होती. भांडण ऐकताना एक मूठ, निकाल देताना दुसरी. ती टोपली रोज धाकूच्या भट्टीवरून यायची, फक्त एकादशीला नाही. राजांची एकादशी मोठी कडक! बारा वर्षांत एकदाही मोडली नव्हती, आणि हे ते दर एकादशीला भेटेल त्याला सांगत.

दुसऱ्या दिवशी एकादशीच होती. दिवस कलला तेव्हा सगुणा आली. बाहेर कुंभाराचं गाढव तयार उभं होतं. त्याला वळसा घालून ती सरळ दरबारात गेली. गरमागरम टोपली नेहमीच्या जागी, राजांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि बोलायला लागली. भट्टी कशी पेटवावी, वाळू कितपत तापवावी, हरभरा आधी का भिजवावा...

"मुद्द्याचं बोल!" उपासानं कावलेले राजे खेकसले.

"मुद्द्यावरच येते जी!" म्हणत ती वाळू कुठल्या ओढ्याची चांगली, ते सांगायला लागली.

राजांनी कंटाळून जांभई दिली. डोळे छताला लागले. उजवा हात आपसूक टोपलीत गेला. मूठ भरली, तळहातावर फुटाणे चोळले गेले, फुंकरीनं सालं उडाली, तोंड उघडलं...

"म्हाराज! एकादशी!"

राजांनी फुटाणे असे भिरकावले, की निम्मे दिवाणजींच्या पागोट्यात जाऊन बसले.

सगुणानं कपाळावर हात मारून घेतला. "अरं देवा! बारा वर्सांची एकादशी मोडली की हो!"

"मोडली?" राजांचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठे मोडली? एक दाणा तरी पोटात गेला का?"

"पर मूठ भरली न्हवं? सालं काढली, फुंकर घातली..."

"म्हणून काय झालं? घशाखाली उतरल्याशिवाय उपास मोडतो का कधी? अगं, नुसता हात पुढे केल्यानं काही होत नाही!"

दिवाणजी हळूच खाकरले. "महाराज, आपण... बोललात."

राजे चपापले. पण हट्ट इतक्या सहज सुटतोय कुठला! "ते वेगळं! मी विसरलो होतो. तुझा नवरा समजून-उमजून झाडावर चढला. आणि मी तर थांबलो!"

"थांबलात की, म्हाराज. पर मी वरडले, तवा थांबलात." सगुणा हात जोडून म्हणाली. "माझा धनी झाडावर एकलाच व्हता. त्याला कोण वरडलं?"

राजांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांना एक साल अजून चिकटलेलं होतं. ते पाहून त्यांना आधी खुदकन हसू आलं आणि मग ते इतके हसले, की सिंहासनाचे हात धरावे लागले.

"सोडा त्या भोळ्याला! आणि सगुणे, तू बाळंत होईपर्यंत त्या झाडाची एकूण एक कैरी तुझी!"

"आणि महाराज, गाढव?" पागोटं झटकत दिवाणजींनी विचारलं.

"आणलंच आहे, तर धिंडही निघू द्या!" राजे डोळे पुसत म्हणाले. "कैऱ्यांची!"

दिवस मावळताना सोनज्याच्या रस्त्यानं वाजतगाजत गाढव निघालं. त्याच्या पाठीवर कैऱ्यांची दोन पोती होती, लगाम धाकूच्या हातात होता, आणि मागून सगुणा चालली होती, करकरीत कैरीचा चावा घेत!